ब्रेकमावशीचा हॉर्न

ब्रेकमावशीच्या उजव्या पायाला स्वतःची वेगळी अक्कल होती. ती झोपली तरी पाय जागा असायचा. नवरा कूस बदलताना पलंगाच्या कडेला जरा जास्त सरकला, की हिचा पाय खाडकन गादीत रुतायचा आणि जाता जाता त्याच्या पोटरीचाही समाचार घ्यायचा. "अगं, थांबलोय, थांबलोय," म्हणत तो बिचारा परत मध्यावर यायचा. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून, तिथल्या जादा ब्रेकवर पाय ठेवून जिनं अर्धं आयुष्य काढलं, तिचं दुसरं काय होणार?

महानगरात तिच्या दादाचं गाड्या शिकवायचं स्कूल होतं आणि त्या स्कूलचा खरा जीव ही होती. दादा खुर्चीत बसून सह्या करायचा. गाडीत बसून घाम गाळायची ती ब्रेकमावशी. ज्यांना घरच्यांनी "तुला नाही जमायचं" असं सांगून टाकलेलं असायचं, अशा बायका दूरदूरून तिच्याकडे यायच्या आणि महिनाभर तिची बोलणी खाऊन पूल उतरायला शिकायच्या. तिचं शिकवणं म्हणजे निम्मं स्टिअरिंग आणि निम्मं तोंड. त्यात हॉर्नबद्दलचं तिचं मत अगदी पक्कं होतं. "हॉर्न म्हणजे शिवी," ती पहिल्याच दिवशी सांगायची. "दुसऱ्यानं दिली तर ऐकून घ्यायची नाही. खाली उतरायचं आणि विचारायचं."

आणि ती विचारायची. सिग्नलला मागून कुणी पींपीं केलं की ती दार उघडून उतरायची, कमरेवर हात ठेवायची आणि सुरू व्हायची. "काय हो, डोळे फुटलेत का? मागे एवढं ठळक लिहिलंय ते वाचता येत नाही? शिकाऊ गाडी आहे ही! एवढीच घाई होती तर काल निघायचं होतंत!" शब्द ठरलेले, चाल ठरलेली. बहुतेक शिष्या गाडीत बसून तोंड लपवायच्या. एक मात्र डोळे मोठे करून ऐकायची. ती इतकी ऐकायची की सगळं तिला तोंडपाठ झालं आणि तिचं नावच पोपट पडलं. हीच पोपट पुढे त्या स्कूलमध्ये मावशीच्या हाताखाली शिकवायला लागली.

मावशीचा नवरा सिनेमाच्या तिकीट खिडकीवर बसायचा. हात जाईल एवढ्या भोकातून त्यानं आयुष्यभर जग पाहिलं, आणि तेही फक्त माणसांच्या बोटांचं. थिएटर बंद पडलं तोवर धुळीनं त्याची छाती पार धरली होती. रात्र रात्र उशी उभी करून बसायचा. मग कुणाच्या तरी लग्नासाठी दोघं समुद्रकाठच्या या लहान शहरात आली आणि हा गडी रात्रभर ढाराढूर झोपला. सकाळी उठून त्यानं खिडकी उघडली. समोर पाणी, वर आकाश, मध्ये काही नाही. "अगं," तो म्हणाला, "एवढी मोठी खिडकी मी जन्मात पाहिली नव्हती." त्याचा श्वास सरळ चाललेला ऐकून मावशीनं तिथल्या तिथे इथेच राहायचं ठरवून टाकलं. जिथे रस्ता आहे तिथे शिकणारे असणारच, मग भ्यायचं कशाला?

दादाला मात्र ते पटलं नाही. "तिथे कोण शिकणार तुझ्याकडे? चार गल्ल्या आणि एक बंदर. असं कर, वर्षभर तुझी सीट मी राखून ठेवतो. नाहीच जमलं तर निमूट परत ये."

बाकी सगळं मावशीनं ऐकून घेतलं, पण तो 'निमूट' तिच्या मनात काट्यासारखा मोडून बसला. निमूट! तिला! आणि परत जायचं म्हणजे नवऱ्याला पुन्हा उशी उभी करून बसवायचं. वर्षभरात इथे स्कूल उभं राहिलंच पाहिजे, नाहीतर तिचं नाक कापलं जाणार होतं आणि त्याचा श्वास अडकणार होता.

तेव्हा या शहरात बाहेरून येणाऱ्यांची रीघच लागली होती. कुणी मोठ्या शहरातली नोकरी लॅपटॉपमध्ये भरून घेऊन आलेला, कुणी निवृत्त होऊन बाल्कनीत खुर्ची टाकायला आलेला, कुणी मुलांना मोकळी हवा मिळावी म्हणून. बंदराच्या मागच्या गल्लीत, दोरखंडाच्या जुन्या दुकानावर दोन खोल्या मिळाल्या. जिना इतका अरुंद की कपाट खिडकीतून वर ओढावं लागलं. खाली मावशीनं पाटी लावली, जुनी छोटी गाडी धुऊन पुसून लख्ख केली, टपावर स्कूलचा त्रिकोण बसवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शहराला दर्शन द्यायला निघाली.

बाजाराच्या चौकात ती समोरून येणाऱ्या मासळीच्या ट्रकसाठी थांबली. तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. पीं पीं. दोनदा.

मावशीचा हात आपसूक दाराच्या कडीवर गेला. खाली उतरली, कमरेवर हात आणि झाली सुरू. "काय हो, डोळे फुटलेत का? मागे एवढं ठळक लिहिलंय ते वाचता येत नाही? शिकाऊ गाडी आहे ही!" गाडीत शिकाऊ कुणीच नव्हतं, ती एकटीच होती, पण पाठ झालेलं बोलणं मधूनच कसं तोडणार? "एवढीच घाई होती तर काल निघायचं होतंत!"

मागे बेकरीची व्हॅन होती. चालवणारा बेकरीवाला पन्नाशीचा, मिशीवर पीठ, तोंडात मूग. एक हात त्यानं खिडकीतून बाहेर काढला होता, तो हळूच आत घेतला. मान खाली घातली आणि गाडी मागे घेऊन दुसऱ्या गल्लीनं निघून गेला. चौक बघत होता. फळवाल्याच्या हातातला तराजू तसाच वर राहिला.

"पहिल्याच दिवशी एकाला सरळ केला," घरी आल्यावर मावशीनं नवऱ्याला सांगितलं.

आणि काय आश्चर्य! त्या दिवसानंतर तिला कुणी हॉर्न दिलाच नाही. चौकात नाही, बंदरावर नाही, शाळेसमोर नाही. ती थांबली तर मागचे चिडीचूप थांबायचे. मावशीची कॉलर ताठ झाली. "बघितलंत?" ती म्हणायची. "तिकडे उभा जन्म ओरडले, कुणी सुधारलं नाही. इथे एकदा बोलले, अख्खं शहर शिस्तीत."

"मला तर सगळे वाजवतात," नवरा म्हणाला. तो रोज सकाळी धक्क्यापर्यंत फेरी मारायचा.

"रस्त्याच्या मधून चालत असाल."

नवऱ्यानं वाद घातला नाही. त्याचा श्वास इतका छान चालला होता की तो वादात खर्च करणं त्याला परवडत नव्हतं.

शिकायला मात्र गावातलं काळं कुत्रं फिरकेना. आले ते सगळे बाहेरचे. पहिला लॅपटॉपवाला, मग एक दातांची डॉक्टरीण, मग बाल्कनीतले आजोबा. त्या सगळ्यांना मावशीनं आपलं हॉर्नपुराण ऐकवलं. लॅपटॉपवाला तर खूश झाला. परवा एका दूधवाल्यानं मागून वाजवलं तर आपण आरशातून असे डोळे वटारले की तो परत म्हणून जवळ आला नाही, असं त्यानं अभिमानानं सांगितलं. मावशीनं त्याची पाठ थोपटली.

पण बाहेरून येऊन येऊन माणसं येणार किती? डॉक्टरीण शिकून गेली, आजोबांनी हौस भागवली. एकटा लॅपटॉपवाला उरला, कारण त्याला क्लच आणि ब्रेक यांतला फरक अजून मनापासून मान्य नव्हता. बाकी वेळ गाडी दोरखंडाच्या दुकानासमोर उभी आणि मावशी खिडकीत माश्या मारत बसलेली. किराणावाला हवं ते देई, पण वर एक शब्द बोलत नसे. तिला वाटे, इथली माणसं मितभाषी. तीच माणसं मावशी दुकानाबाहेर पडली की मोठमोठ्यानं हसतात, हे तिला ऐकू यायचं. त्याचा अर्थ लावायचं मात्र ती टाळायची. वर्ष सरत आलं. दादाचा फोन आला. "काय मग? निमूट येतेस, की मी घ्यायला येऊ?"

"गाडीत बसलेय, नंतर बोलते," मावशी म्हणाली. ती खाटेवर बसली होती.

एका सकाळी लॅपटॉपवाल्याला घेऊन ती समुद्राकडच्या रस्त्यानं निघाली आणि वळणावर धुक्यानं गाठलं. असं दाट की गाडीचं स्वतःचं नाकही दिसेना. एका बाजूला कठडा, त्याच्याखाली पाणी. मावशीनं काच खाली केली, पाय ब्रेकवर घट्ट रोवला आणि तोंड सुरू केलं. "हळू! हळू म्हणजे हळू! त्या क्लचवर काय उभं राहायचंय? दिवे लाव! ते वायपर आहेत, दिवे लाव!"

समोर धुक्यात एक पिवळा ठिपका हलायला लागला. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. मावशीच्या पायानं आपलं काम केलं आणि गाडी जागच्या जागी थांबली. ठिपका जवळ आला. तो टॉर्च होता आणि टॉर्चमागे धापा टाकत चालत आलेला बेकरीवाला. केसांवर दव, पायात घरातल्या चपला.

"बाई," तो म्हणाला, "पुढे वळणावर माझी व्हॅन बंद पडलीय, रस्त्यातच. म्हटलं तुम्हाला सांगावं."

"अहो, मग एवढं चालत कशाला आलात? हॉर्न वाजवायचात ना!"

बेकरीवाला अवघडला. टॉर्च त्यानं एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "वाजवणारच होतो. पण तुमचा आवाज ऐकू आला. म्हटलं या त्या बाई. यांना हॉर्न दिलेला चालत नाही."

मावशीचा हात दाराच्या कडीवर गेला आणि तिथेच राहिला. तिच्या आयुष्यात हे फार क्वचित घडलं होतं.

"पण त्या दिवशी चौकात..." तिनं कसंबसं विचारलं, "त्या दिवशी तुम्ही वाजवलात तो कशाला?"

"नमस्कार केला हो," बेकरीवाला म्हणाला. "इथे दोनदा वाजवला की 'कसं काय?' असं असतं. लहान गाव आहे, सगळे ओळखीचे, हात करायला स्टिअरिंग कोण सोडणार? तुम्ही नवीन दिसलात म्हणून वाजवला. ताजा पाव होता, तो द्यायला हात बाहेर काढला होता." मग जरा थांबून, तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगायचं म्हणून तो म्हणाला, "मग सगळ्यांना सांगून ठेवलं, त्या बाईंना कुणी वाजवू नका, त्यांना त्रास होतो."

लॅपटॉपवाल्यानं हळूच स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. त्याला दूधवाला आठवला असणार. कपाळ टेकलं ते नेमकं हॉर्नवर आणि धुक्यात एक लांबलचक भोंगा घुमला. तिघंही दचकले.

व्हॅन तिघांनी मिळून कडेला ढकलली. मावशी सगळ्यात जोरात ढकलत होती. वर्षभर ज्याला ती शिस्त म्हणत होती तो अबोला होता आणि तोही किती जपून धरलेला! कुणी तिला टाकून बोललं नव्हतं, कुणी पाटी खरवडली नव्हती. तिला त्रास होऊ नये म्हणून अख्खं गाव तिच्यामागे तोंड मिटून गाडी चालवत होतं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते तिला त्या कठड्याशी कळलं.

घरी येऊन ती चहाच्या कपाकडे बघत बसली. नवरा घाबरला. ही गप्प म्हणजे नक्की काहीतरी आजार.

"अहो, तुम्हाला सगळे वाजवायचे तेव्हा तुम्ही काय करायचात?"

"हात करायचो."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं होतं. तू म्हणालीस रस्त्याच्या मधून चालू नका. म्हणून मी कडेनं चालतो आणि हात करतो."

मावशीनं कपाळावर हात मारला. पण कपाळाला हात लावून बसून राहणं काही तिच्या स्वभावात नव्हतं. चूक भर चौकात केली होती, तेव्हा निस्तरायची तीही भर चौकात, एवढा तिचा हिशेब सरळ होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गाडी काढली, बाजाराच्या चौकात आणली आणि बेकरीसमोर उभी केली. बेकरीवाला व्हॅनमध्ये पावाच्या पाट्या चढवत होता. मावशीनं हॉर्नवर हात ठेवला. मग तो काढला. ज्या बाईनं आयुष्यात पुढच्या ट्रकला, मागच्या बसला, कुणाला म्हणून भीक घातली नव्हती, तिच्या तळहाताला घाम सुटला होता.

पीं पीं.

फळवाल्यानं मान वर केली. किराणावाला दारात आला. बेकरीवाल्यानं तिच्याकडे पाहिलं, हातातली पाटी आत सरकवली, मागचं दार लावलं आणि पुढे जाऊन व्हॅनमध्ये बसला. इंजिन सुरू झालं. झालं, निघाला हा, मावशीला वाटलं. आपण केलंच तसं होतं, त्याचा काय दोष?

पीं पीं, व्हॅन म्हणाली.

मग मासळीचा ट्रक म्हणाला. मग दूधवाला, मग शाळेची बस, मग ज्याच्याकडे गाडीच नव्हती त्या फळवाल्यानं सायकलची घंटा वाजवली. वर्षभराचे तुंबलेले नमस्कार एकदम सुटले. वरच्या मजल्यावर कुणाचं तरी बाळ उठलं आणि त्याच्या आईनं खिडकीतून सगळ्यांचा उद्धार केला. मावशी स्टिअरिंग धरून बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तिला रडताना कुणी पाहिलं नव्हतं. आता सगळ्या चौकानं एकदमच पाहून घेतलं.

बेकरीवाला उतरून खिडकीशी आला. "त्या दिवशीचा तर शिळा झाला," म्हणत त्यानं गरम पाव कागदात गुंडाळून तिच्या मांडीवर ठेवला.

संध्याकाळी त्याची बायको जिना चढून आली. बसायला सांगायच्या आधीच बसली. "ताई, मला शिकवा. कधीपासून मनात होतं. पण आमचे हे म्हणाले, त्या बाईंना आवाज सहन होत नाही आणि तुझं तोंड तर दिवसभर चालू."

"माझंही," मावशी म्हणाली. "उद्या सकाळी या. पण गाडीत एका वेळी एकीनंच बोलायचं."

ते काही जमलं नाही. दोघी एकदम बोलायच्या आणि गाडी धक्क्यावरून जायची तेव्हा होडीवाल्यांना गाडी दिसायच्या आधी ऐकू यायची. बेकरीवालीमागून तिची जाऊ आली, जावेमागून शाळेतल्या बाई, मग किराणावाल्याची सून. आणि लॅपटॉपवाला, डॉक्टरीण, आजोबा या सगळ्यांना मावशीनं बोलावून घेतलं आणि एक धडा फुकट दिला. गाडी जागेवर उभी, इंजिन बंद, फक्त हॉर्न. "मी चुकीचं शिकवलं होतं," ती स्पष्ट म्हणाली. "आता नीट शिका. हलका हात. दोनदा. आणि वाजवताना तोंड हसरं ठेवा, नाहीतर हॉर्नला कळतं."

दादाला उत्तर द्यायला ती स्वतःच गेली. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. आपली छोटी गाडी घेऊन ती महानगरात शिरली आणि स्कूलच्या अलीकडच्या सिग्नलला थांबली. पुढे बघते तर स्कूलचीच गाडी. टपावर त्रिकोण, शिकणारी घाबरीघुबरी आणि शेजारच्या सीटवर, तिच्या सीटवर, पोपट. मावशीचा जीव सुपाएवढा झाला. तिनं हलक्या हातानं हॉर्न दाबला.

पीं पीं.

पुढच्या गाडीचं दार धाडकन उघडलं. पोपट खाली उतरली. मागे नीट बघायचेही कष्ट न घेता तिनं कमरेवर हात ठेवले. "काय हो, डोळे फुटलेत का? मागे एवढं ठळक लिहिलंय ते वाचता येत नाही? शिकाऊ गाडी आहे ही! एवढीच घाई होती तर काल..."

आणि ती थांबली. "मावशी? तुम्ही?"

मावशी काचेतून तिच्याकडे बघत होती. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. चाल तीच, हात तसेच, कपाळावरची आठीसुद्धा तीच. चौकात उभ्या राहिलेल्या त्या बाईला बेकरीवाल्यानं व्हॅनमधून पाहिलं होतं. ती कशी दिसली असेल ते मावशीला आज पहिल्यांदा दिसलं.

"पण मावशी," पोपट गोंधळून म्हणाली, "तुम्ही हॉर्न कशाला दिलात? माझं काही चुकलं का?"

"काही नाही गं. 'कसं काय' विचारलं."

मागे गाड्यांचा भोंगा सुरू झाला होता. सिग्नल हिरवा होऊन गेला होता. पोपट खिडकीशी वाकली. "दादा रोज विचारतात. तुमची सीट अजून ठेवलीय. मी आपली तात्पुरती बसते."

"आता पक्की बस," मावशी म्हणाली. "दादाला मी सांगते. आणि फार निमूट नको बसूस."

मागून एकानं काच खाली करून दोघींना उद्देशून काहीतरी फार वाईट सांगितलं. पोपटचे हात पुन्हा कमरेकडे निघाले. मावशीनं मात्र खिडकीतून हात बाहेर काढला आणि त्याला हात केला.